सुताराच्या पोरानं समुद्रावर वेळ पकडली, पण त्याचे पैसे मिळेपर्यंत तो ऐंशी वर्षांचा झाला

जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे. कुणीतरी एक डबी कुठंतरी लपवून ठेवतं. पुलाखाली, दगडाच्या फटीत, झाडाच्या ढोलीत, कुठंही. डबीत एक छोटी वही असते, कधी बारीकसारीक वस्तू असतात. लपवणारा त्या जागेचे फक्त दोन आकडे इंटरनेटवर टाकतो, अक्षांश आणि रेखांश. ते आकडे फोनमध्ये टाकायचे, शोधत जायचं, डबी सापडली की वहीत आपलं नाव लिहायचं आणि डबी होती तिथं परत ठेवायची.

या खेळाची सुरुवात अगदी तारखेनिशी सांगता येते. २ मे २००० ला अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमध्ये सामान्य लोकांसाठी मुद्दाम घातलेली गडबड काढून टाकली आणि लोकेशन एकदम नेमकं दिसायला लागलं. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मर नावाच्या गड्यानं एक बादली रानात ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आता हा खेळ जगभर चालतो. गावात एखादा मोठा शोध लावणारा माणूस होऊन गेला असेल तर त्याच्या घराजवळ, त्याच्या थडग्याजवळ अशी डबी ठेवायची आणि सोबत त्याची गोष्ट लिहायची, हाही त्यातलाच एक प्रकार.

पण त्या दोन आकड्यांमधला दुसरा आकडा, म्हणजे रेखांश, भर समुद्रात कसा काढायचा हे अडीच-तीनशे वर्षांपूर्वी कुणालाच जमत नव्हतं. गॅलिलिओनं डोकं लावलं होतं, न्यूटननं डोकं लावलं होतं. जमवलं ते इंग्लंडच्या एका खेड्यातल्या सुतारानं. त्याचं नाव जॉन हॅरिसन.

आधी विषय नेमका काय होता ते समजून घेऊ.

अक्षांश म्हणजे आपण विषुववृत्तापासून किती वर किंवा खाली आहोत. हे काढणं त्या मानानं सोपं. रात्री ध्रुव तारा क्षितिजापासून किती उंच आहे ते बघायचं किंवा भर दुपारी सूर्याची उंची मोजायची. खलाशी हे शेकडो वर्षं करत होते. रेखांश म्हणजे आपण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती आहोत. इथं घोळ असा, की पृथ्वी फिरत असते. मुंबईवर जे तारे आत्ता दिसतात तेच थोड्या वेळानं अरबस्तानावर दिसणार. म्हणजे आकाशाकडं कितीही बघितलं तरी वेळ माहीत असल्याशिवाय रेखांश कळत नाही.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. तासाला १५ अंश, चार मिनिटाला एक अंश. तुम्ही जिथं आहात तिथं सूर्य डोक्यावर आला तेव्हा लंडनमध्ये किती वाजलेत हे कळलं की संपलं. फरकाच्या मिनिटांना चारनं भागा, रेखांश हातात. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. मुंबई साधारण ७२ अंश ५० मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. त्याला चारनं गुणलं की ४ तास ५१ मिनिटं येतात. भारतभर एकच वेळ लागू होण्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, बॉम्बे टाईम, आणि ती ग्रीनिचच्या बरोबर ४ तास ५१ मिनिटं पुढं होती. तो आकडा कुणाच्या मनात आला म्हणून ठरला नव्हता, तो मुंबईचा रेखांशच होता.

मग जहाजावर लंडनची वेळ दाखवणारं घड्याळ ठेवायचं, इतकं सोपं होतं ना? नव्हतं. त्या काळातली चांगली घड्याळं लंबकाची होती. जहाज डोललं की लंबकाचं कामच बंद. खिशातली घड्याळं दिवसाला काही मिनिटं सहज पुढं-मागं व्हायची. त्यात उष्णतेनं धातू पसरतो, थंडीत आखडतो. वंगणाचं तेल गार हवेत घट्ट होतं, गरम हवेत पातळ होतं. खारी हवा लोखंड खाते. आणि विषुववृत्तावर एका मिनिटाची चूक म्हणजे जवळपास २८ किलोमीटरची चूक.

तेव्हाचे कप्तान काय करायचे? जहाजाचा वेग आणि दिशा यावरून अंदाज बांधायचे. अंदाज चुकला तर खडक. २२ ऑक्टोबर १७०७ च्या रात्री ब्रिटिश आरमाराचा सेनापती सर क्लाउडस्ली शॉव्हेल आपला ताफा घेऊन घरी परत येत होता. आपण नेमकं कुठं आहोत याचा हिशेब चुकला आणि सिली बेटांच्या खडकांवर चार युद्धनौका फुटल्या. चौदाशेहून जास्त माणसं बुडाली. सेनापतीही गेला. तेही कुठल्या दूरच्या समुद्रात नाही, स्वतःच्या देशाच्या उंबरठ्यावर.

१७१४ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदाच केला. जो कुणी समुद्रावर रेखांश काढायची रीत शोधेल त्याला बक्षीस. एका अंशाच्या आत चूक असेल तर १० हजार पौंड, दोन-तृतीयांश अंशाच्या आत असेल तर १५ हजार आणि अर्ध्या अंशाच्या आत असेल तर २० हजार पौंड. आजच्या हिशेबात कित्येक कोटी रुपये. रीत तपासायला शास्त्रज्ञ, आरमारी अधिकारी आणि सरकारी माणसांचं एक मंडळ नेमलं, बोर्ड ऑफ लाँगिट्यूड. या कायद्याआधी संसदेनं न्यूटनचा सल्ला घेतला होता. घड्याळानं हे काम व्हायला काय काय आडवं येतं त्याची यादीच त्यानं समोर ठेवली. थोडक्यात त्याचा भरवसा आकाशावर जास्त होता.

बक्षीस म्हटल्यावर काय, एकेक वेड्या कल्पना यायला लागल्या. दोघांनी सुचवलं होतं की समुद्रात ठिकठिकाणी जहाजं नांगरून ठेवायची आणि मध्यरात्री तोफेतून आकाशात गोळे उडवायचे. ती जहाजं खोल समुद्रात नांगरायची कशी आणि त्यावरच्या माणसांनी खायचं काय, हे मात्र त्यात नव्हतं.

आता येतो आपला गडी.

जॉन हॅरिसनचा जन्म १६९३ चा, यॉर्कशायरमधल्या फाउलबी गावातला. बाप हेन्री सुतार. पुढं घरदार लिंकनशायरमधल्या बॅरो नावाच्या गावात आलं, हंबर नदीच्या काठाला. पोरगं बापाच्या हाताखाली लाकूड शिकलं. शाळा फारशी नाही. असं सांगतात की लहानपणी देवी आल्या तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या मन रमावं म्हणून कुणीतरी त्याच्या उशाशी घड्याळ ठेवलं आणि तो त्याची टिकटिक ऐकत बसायचा. ही दंतकथा असेल, पण सांगायला बरी आहे. खात्रीची गोष्ट अशी की एका पाद्र्यानं त्याला केंब्रिजच्या निकोलस साँडरसन या गणितज्ञाच्या व्याख्यानांची हस्तलिखित प्रत वाचायला दिली. पोरानं ती अख्खी स्वतःच्या हातानं उतरवून काढली, आकृत्यांसकट. तेच त्याचं कॉलेज.

विशीच्या आत, १७१३ मध्ये त्यानं पहिलं मोठं घड्याळ बनवलं. चाकं कशाची? लाकडाची. कारण त्याला तेच येत होतं. ओकच्या लाकडाचे दाते असे कापले की लाकडाचे तंतू दात्याच्या टोकाकडं जावेत आणि दात तुटू नये.

१७२२ च्या आसपास ब्रॉकल्सबी पार्क नावाच्या जहागिरीत त्याला मनोऱ्यावरचं घड्याळ बनवायचं काम मिळालं. इथं त्यानं लिग्नम व्हिटी नावाचं उष्ण कटिबंधातलं लाकूड वापरलं. हे लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं आणि त्यातून स्वतःचंच तेल सुटतं. म्हणजे घड्याळाला वरून तेल घालायचं कामच नाही. तेलच नाही, तर तेल घट्ट व्हायचा प्रश्नच नाही. तीनशे वर्षं झाली, ते घड्याळ अजून चालतंय. हॅरिसनचं डोकं कसं चालायचं ते इथं दिसतं. बाकीचे घड्याळजी चांगलं तेल शोधत होते आणि यानं तेलाची गरजच काढून टाकली.

मग धाकटा भाऊ जेम्स याला सोबत घेऊन त्यानं दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे जाळीचा लंबक. उन्हाळ्यात लंबकाची दांडी लांब होते, घड्याळ मागं पडतं. पितळ पोलादापेक्षा जास्त पसरतं हे त्याला माहीत होतं. त्यानं पितळेच्या आणि पोलादाच्या नऊ सळ्या अशा जोडल्या की पोलाद पसरून गोळा खाली ढकलेल आणि पितळ पसरून तितकाच वर उचलेल. हिशेब बरोबर. दुसरी गोष्ट म्हणजे चाक सोडणारा आणि धरणारा एक भाग, ज्यात घासणं जवळपास नाहीच. हालचाल नाकतोड्याच्या पायासारखी, म्हणून नावही नाकतोड्याचंच पडलं, ग्रासहॉपर. हे सगळं जमवून दोघा भावांनी जी घड्याळं केली ती महिन्याला सेकंदभर इकडं-तिकडं. ही घड्याळं तपासायला त्यांच्याकडं वेधशाळा नव्हती. खिडकीची चौकट आणि शेजाऱ्याचं धुराडं यांच्या रेषेत ठरावीक तारा कधी दिसेनासा होतो, यावरून रात्रीमागून रात्री ते ताळा घेत.

आता गाडी समुद्राकडं वळली.

१७३० मध्ये हॅरिसन आराखडे घेऊन लंडनला गेला. राजज्योतिषी होता एडमंड हॅली, धूमकेतूवाला. हॅली माणूस मोकळा. त्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं की माझ्यापेक्षा जॉर्ज ग्रॅहमला भेट. ग्रॅहम म्हणजे लंडनचा सगळ्यात नावाजलेला घड्याळजी. खेड्यातल्या सुताराला भीती होती की हा आपली कल्पना ढापणार. पण झालं उलटंच. सकाळी दहाला सुरू झालेलं बोलणं रात्री आठपर्यंत चाललं, जेवणही तिथंच झालं आणि ग्रॅहमनं त्याला बिनव्याजी पैसे दिले. या गोष्टीत वरच्या वर्तुळातली सगळीच माणसं वाईट नाहीत, हे पुढचं वाचताना लक्षात असू द्या.

पाच वर्षं राबून १७३५ मध्ये पहिलं सागरी घड्याळ तयार झालं. त्याला आज एच-१ म्हणतात. वजन ३४ किलो. लंबक नाहीच. त्याच्याऐवजी दोन्ही टोकांना गोळे असलेल्या दोन दांड्या, स्प्रिंगनं एकमेकींना बांधलेल्या, उलट-सुलट झुलणाऱ्या. जहाज हेलकावलं की एकीवर जो परिणाम होईल तो दुसरी खोडून काढणार. १७३६ मध्ये घड्याळ आणि हॅरिसन दोघं सेंच्युरियन जहाजातून लिस्बनला गेले. हॅरिसनला बोट लागली, बिचारा सगळा प्रवास आजारी होता. परतीच्या वाटेवर ऑर्फर्ड जहाजावर किनारा दिसला तेव्हा जहाजावरचे लोक म्हणत होते ही अमुक जागा आहे. हॅरिसन म्हणाला, नाही, आपण बरेच पश्चिमेला आहोत, हे लिझर्डचं टोक आहे. तेच खरं निघालं. अंदाज साठेक मैलांनी चुकला होता. जहाजाच्या मास्टरनं तसं लेखी देऊन टाकलं.

इथं खरं तर माणसानं बक्षिसासाठी हट्ट धरायचा. १७३७ मध्ये बोर्डाची बैठक भरली, सगळे कौतुक करत होते. आणि हा पठ्ठ्या स्वतःच घड्याळातल्या चुका सांगत बसला. मला अजून चांगलं करून दाखवायचंय, तेवढ्यासाठी ५०० पौंड द्या, एवढीच मागणी. बोर्ड खूश. आधी २५० दिले.

दुसरं घड्याळ एच-२, आणखी जड, ३९ किलोचं. तेव्हा स्पेनशी युद्ध सुरू होतं, त्यामुळं ते समुद्रावर तपासलंच गेलं नाही. तोवर हॅरिसनलाच त्यात खोट सापडली. जहाज वळलं की त्या झुलत्या दांड्यांवर परिणाम होतो. मग त्यानं ते बाजूला ठेवलं आणि तिसरं सुरू केलं.

तिसऱ्याला १९ वर्षं लागली. हो, एकोणीस. एच-३ मध्ये ७५३ भाग होते. यासाठी त्यानं दोन नवीन गोष्टी शोधल्या. एक म्हणजे पितळ आणि पोलाद एकमेकांना चिकटवलेली पट्टी, जी तापमानाप्रमाणं आपोआप वाकते. घरातल्या इस्त्रीचं तापमान झालं की ती आपोआप बंद होते ना, साध्या इस्त्रीत ते काम हीच पट्टी करत आलीये. दुसरी म्हणजे पिंजऱ्यात बसवलेले रोलर. आजच्या बेअरिंगची ही पूर्वज. १७४९ मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला कोपली पदक दिलं, म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा मान. पण घड्याळ काही मनासारखं होईना.

आणि मग चाळीस वर्षांच्या कामाला कलाटणी देणारी गोष्ट घडली, ती एका खिशातल्या घड्याळामुळं. १७५३ मध्ये जॉन जेफ्रिस नावाच्या घड्याळजीनं हॅरिसनच्या सूचनांप्रमाणं त्याच्या वापरासाठी एक घड्याळ बनवलं. ते अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं चालायला लागलं. हॅरिसनच्या लक्षात आलं की आपण उलट्या दिशेनं चाललोय. मोठं आणि सावकाश झुलणारं यंत्र समुद्राच्या हेलकाव्याशी झगडत बसतं. लहान आणि भराभर टिकटिकणारं यंत्र त्या हेलकाव्याला जुमानतच नाही. साठीला पोचलेल्या माणसानं, इतकी वर्षं ज्याच्यावर घालवली ते यंत्र समोर असताना, नवी वाट धरली.

१७५९ मध्ये एच-४ तयार झालं. तेरा सेंटीमीटर व्यासाचं, दीड किलोच्या आतलं, दिसायला मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं. सेकंदाला पाच ठोके. आतल्या घासणाऱ्या भागांना हिरे आणि माणकं.

१८ नोव्हेंबर १७६१. हॅरिसन तोवर ६८ वर्षांचा. म्हणून त्याचा मुलगा विल्यम घड्याळ घेऊन डेप्टफर्ड जहाजातून जमैकाला निघाला. वाटेत जहाजावरची बिअर नासली. हसू नका, तेव्हाच्या खलाशांसाठी हा गंभीर प्रश्न होता, कारण पिंपातलं पाणी त्याहून वाईट. सगळ्यांना मदिरा बेटं कधी येतात असं झालं. जहाजाच्या हिशेबाप्रमाणं बेटं अजून लांब होती की मागं पडली, यावर वाद. विल्यमनं घड्याळ बघून सांगितलं की दिशा बदलू नका, उद्या जमीन दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन दिसली.

१९ जानेवारी १७६२ ला जहाज जमैकाला पोचलं. घड्याळाची ठरलेली रोजची चाल धरून हिशेब केला तर दोन महिन्यांत चूक किती? ५.१ सेकंद. कायद्याला दोन मिनिटं चालणार होती.

इथं गोष्ट संपायला हवी होती. इथून पुढं अकरा वर्षं चालली.

बोर्डानं सांगितलं की हा योगायोगही असू शकतो. घड्याळाची रोजची चाल किती धरायची हे आधी नीट ठरलं नव्हतं. आणि जमैकाचा रेखांश तरी आपल्याला कुठं पक्का माहितीये? या शेवटच्या मुद्द्यात तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. पण वीस हजारांऐवजी अडीच हजार, तेही टप्प्याटप्प्यानं, आणि पुन्हा परीक्षा, हे ऐकून म्हाताऱ्याचं काय झालं असेल?

दुसरी परीक्षा १७६४ मध्ये, टार्टर जहाजातून बार्बाडोसला. तिथं निकाल ताडून बघायला कोण बसलं होतं? नेव्हिल मॅस्केलाइन. हा पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ. चंद्र आणि ताऱ्यांमधलं अंतर मोजून रेखांश काढायच्या पद्धतीचा तो खंदा पुरस्कर्ता, म्हणजे घड्याळाच्या थेट विरोधी पक्षातला. विल्यमनं तिथंच आक्षेप घेतला. तरीही घड्याळानं ४७ दिवसांत फक्त ३९.२ सेकंदांची चूक केली, मर्यादेच्या तिप्पट चांगलं. पुढच्याच वर्षी, १७६५ मध्ये, मॅस्केलाइन राजज्योतिषी झाला आणि त्या पदामुळं आपोआप बोर्डावर आला.

हॅरिसनची बाजू घेऊन लिहिणाऱ्यांनी मॅस्केलाइनला सिनेमातला खलनायक करून टाकलंय. डेव्हा सोबेलच्या १९९५ च्या गाजलेल्या पुस्तकानंतर तर जास्तच. ते पूर्ण खरं नाही. चंद्राची पद्धत भोंगळ नव्हती. आधी तिच्या आकडेमोडीला तासन् तास लागायचे, मॅस्केलाइननं १७६७ सालापासून छापलेल्या तक्त्यांनी ते काम कितीतरी सोपं केलं आणि पुढं कित्येक वर्षं हजारो खलाशांनी ती वापरली. कारण तक्ते स्वस्त होते आणि घड्याळ महाग. बोर्डाची अडचणही समजण्यासारखी होती. त्यांना एका माणसाच्या हातचा चमत्कार नको होता, प्रत्येक जहाजावर जाईल अशी वस्तू हवी होती. पण मधेच नियम बदलणं, ते मात्र माफ करण्यासारखं नाही.

१७६५ मध्ये नवा कायदा आला. अर्धं बक्षीस, म्हणजे आधी दिलेले धरून १० हजार पौंड, हॅरिसननं घड्याळाचं सगळं गुपित उघड केल्यावर. उरलेलं अर्धं, दुसऱ्या कुणालाही तसंच घड्याळ बनवता येतं हे सिद्ध झाल्यावर. ऑगस्टमध्ये लंडनच्या रेड लायन स्क्वेअरमधल्या घरात हॅरिसननं बोर्डाच्या माणसांसमोर एच-४ खोलून एकेक भाग समजावून सांगितला. मग घड्याळ त्यांच्या ताब्यात गेलं. मॅस्केलाइननं ते ग्रीनिचला ठेवून तपासलं आणि भरवशाचं नाही असा अहवाल दिला. मधल्या काळात पहिली तीन घड्याळंही सरकारजमा झाली. ती न्यायला मॅस्केलाइन स्वतः आला होता. उचलताना एच-१ माणसांच्या हातून पडलं. तीस वर्षं जपलेली वस्तू, मालकाच्या घरात.

एच-४ ची नक्कल करायचं काम लार्कम केंडल या घड्याळजीला दिलं. त्यानं ती अप्रतिम केली. तरी बोर्ड म्हणे, नक्कल केंडलनं नाही, हॅरिसननं करून दाखवायची. पंच्याहत्तरी ओलांडलेला, नजर अधू होत चाललेला माणूस मुलाला घेऊन पाचवं घड्याळ करायला बसला.

एच-५ झालं, आणि बाप-लेकांनी बोर्डाला वळसा घातला. विल्यमनं थेट राजाला, तिसऱ्या जॉर्जला पत्र लिहिलं. या राजाला विज्ञानाचा नाद होता, त्याची स्वतःची वेधशाळा होती. सगळं ऐकून राजा संतापला आणि १७७२ मध्ये त्यानं एच-५ आपल्याच वेधशाळेत तपासायला घेतलं. सुरुवातीला घड्याळ वेड्यासारखं चालायला लागलं. सगळ्यांचे चेहरे पडले. मग राजालाच आठवलं की शेजारच्या कपाटात आपण लोहचुंबक ठेवलेत. ते काढल्यावर दहा आठवड्यांत घड्याळाची चूक दिवसाला सेकंदाच्या एक-तृतीयांशाच्या आत.

तरी बोर्ड हललं नाहीच. शेवटी प्रकरण संसदेत गेलं आणि जून १७७३ मध्ये संसदेनं हॅरिसनला ८,७५० पौंड मंजूर केले. तेव्हा तो ८० वर्षांचा होता. आयुष्यभरात मिळालेली सगळी रक्कम धरली तर ती बक्षिसाच्याही वर जाते. पण बक्षीस म्हणून जे जाहीर केलं होतं ते बोर्डानं त्याला कधीच दिलं नाही, त्यालाही नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही. संसदेची रक्कम ही संसदेची मेहेरबानी होती. हॅरिसनला यातला फरक चांगला कळत होता.

त्याच वेळी केंडलनं केलेली एच-४ ची नक्कल जेम्स कुकच्या जहाजावर होती. कुक १७७२ ते १७७५ पृथ्वीप्रदक्षिणा करत होता, दक्षिणेच्या बर्फापासून उष्ण कटिबंधापर्यंत. निघताना त्याला या घड्याळाबद्दल शंका होती, परत आला तो त्याचा भक्त होऊन. हॅरिसनच्या हयातीतच ही बातमी लंडनला पोचली, हे एक बरं झालं.

२४ मार्च १७७६ ला रेड लायन स्क्वेअरमधल्या घरातच त्याचं निधन झालं. पुरलं लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत इतर घड्याळजींनी हीच कल्पना सोपी आणि स्वस्त केली आणि क्रोनोमीटर जहाजावरची नेहमीची वस्तू झाली. हॅरिसनची स्वतःची घड्याळं मात्र ग्रीनिचमध्ये गंजत पडली. १९२० मध्ये रूपर्ट गोल्ड नावाच्या आरमारी अधिकाऱ्यानं ती बघितली आणि पदरचा वेळ घालून तेरा वर्षं ती साफ करून चालू केली. आज ग्रीनिचला गेलात तर पहिली तीन चालू दिसतात. एच-४ मुद्दाम बंद ठेवलंय, कारण त्याला तेल लागतं आणि चालवलं तर झिजेल.

आज तुमच्या फोनमधलं जीपीएस जे करतं, त्याच्याही मुळाशी वेळच आहे. उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. सिग्नल कधी निघाला आणि कधी पोचला यावरून अंतर निघतं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटरनं चुकते. रानातली डबी मग कुणाच्या बापाला सापडायची नाही.

२००६ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत हॅरिसनच्या स्मरणार्थ एक शिळा बसवली. तिच्यात दोन धातूंची एक रेष आहे, त्याच्या त्या पट्टीची आठवण म्हणून. आणि त्या रेषेवर तिचा स्वतःचा रेखांश कोरलाय, ० अंश ७ मिनिटं ३५ सेकंद पश्चिम.

राहता राहिली एक गोष्ट. मरणाच्या आदल्या वर्षी, १७७५ मध्ये हॅरिसननं एक पुस्तक छापलं. भाषा अवघड, वाक्यं लांबलचक, जुन्या भांडणांचा राग ओसंडून वाहणारा. त्यात त्यानं दावा केला की आपल्या पद्धतीनं लंबकाचं घड्याळ बनवलं तर ते शंभर दिवसांत एक सेकंदाच्या आत वेळ राखेल. लोकांनी टर उडवली. म्हातारा चळलाय, असंच सगळ्यांनी धरलं. विसाव्या शतकात मार्टिन बर्जेस या घड्याळजीनं त्याच पुस्तकावरून एक घड्याळ करायला घेतलं, दुसऱ्यांनी ते पूर्ण केलं आणि ग्रीनिचच्या वेधशाळेत ते काचेसारख्या पारदर्शक पेटीत सीलबंद करून ठेवलं, कुणाचा हात लागू नये म्हणून. २०१५ मध्ये शंभर दिवसांचा निकाल जाहीर झाला. चूक होती एका सेकंदाच्या पाच-अष्टमांश.